ट्रॉम्सोच्या रात्री आणि काचेवरचे पाणी

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी मोटारघरातून आलेले नवखे प्रवासी सकाळी काचेवरून ओघळणारे पाणी पाहतात आणि छतच गळते असे समजतात. ते पाणी त्यांच्याच श्वासाचे व चुलीचे असते. १ किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. जाणते प्रवासी चुलीवर ऊब घेत नाहीत. बंद गाडीत ते जिवावरही बेतते. धूर बाहेर सोडणारा हीटर ते मंद चालू ठेवतात, काचांना बाहेरून जाड आच्छादन घालतात आणि छताची झडप बोटभर उघडी ठेवतात. इंधन वाचवण्यासाठी ती बंद करणे ही खोटी काटकसर. गादी खालून ओली होऊन बुरशी धरते.