भाच्याची गाडी आणि मागची दोन चाके

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर नवरीला घेऊन आलेली एक प्रीमियर पद्मिनी मला अजून आठवते. मिरगाचा पाऊस आठ दिवस आधीच येऊन गेला होता. शेताच्या कडेने येताना गाडीचे मागचे डावे चाक चिखलात गेले. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर दाबी, डावे चाक भिंगरीसारखे फिरे, चिखल वऱ्हाडाच्या कपड्यांवर उडे, आणि उजवे चाक कोरड्या दगडावर असूनही ढिम्म. शेवटी चाकाखाली माडाची चुडते घातली, चौघांनी ढकलले, तेव्हा नवरी घरी पोचली. कोरडे चाक गाडीला का ढकलत नाही, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला. पुढे मी मोटार मेकॅनिकचे वर्ग घेणारा मास्तर झालो, तो थोडाफार ह्याच प्रश्नामुळे.

उत्तर नांगराच्या जुवात आहे. जू मधोमध बांधलेले असते. एक बैल अडला की जू तिरके होते, दुसरा नुसताच पुढे सरकतो, नांगर जागच्या जागी. साधे डिफरन्शिअल तसेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, पण जोर मात्र दोघांना सारखाच द्यायचा, हा त्याचा धर्म. एका चाकाखाली पकडच नसेल तर त्याला लागणारा जोर जवळजवळ शून्य, मग दुसऱ्यालाही तेवढाच. ही खोड काढण्यासाठी जे करतात त्याला लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल म्हणतात.

हा विषय माझ्यापुढे परत आला २०२३ च्या ऑक्टोबरात, इंग्लंडमधल्या स्विंडनला. गोव्यातल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलेले आहे, माझा भाचाही त्यातलाच. त्याने १९९१ सालची माझ्दा एमएक्स-५ घेतली आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, १६०० सीसीची, वजनाला हजार किलोच्या आत, आणि जोर मागच्या चाकांवर. महिन्या-दोन महिन्यांतून तो ती कॅसल कोमला नेतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर १९५० साली झालेले हे शर्यतीचे मैदान त्याच्या घरापासून फार लांब नाही.

पोचलो त्याच रात्री त्याने विषय काढला. "मामा, डिफरन्शिअल बदलायचंय. तू सांग कुठलं घालू." सूनबाई वाढत होती. ती म्हणाली, "बदलाच हो. पावसात त्या मॅजिक राउंडअबाउटवर गाडी गर्रकन फिरली, मी आणि मुलगी बाजूच्या सीटवर. हे म्हणाले, नवीन डिफरन्शिअल घातलं की असं होणार नाही." (मॅजिक राउंडअबाउट म्हणजे मधल्या वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळे, १९७२ पासूनचे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गाडी घालणे त्यापेक्षा सोपे.) भाचा ताटात बघत होता. मी काहीच बोललो नाही, कारण त्याने बायकोला सांगितलेले खरे नव्हते, आणि तो हे जाणून होता.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेतली. पुढच्या चाकांना अडकण लावली, हँडब्रेक सोडला, गिअर टाकला आणि मागचे एक चाक हाताने फिरवले. दुसरे उलट फिरले. म्हणजे साधे डिफरन्शिअल. मग पर्यायांवर बोललो. त्या काळच्या १६०० सीसीत काही गाड्यांना व्हिस्कस जातीचे येई: छिद्रे पाडलेल्या चकत्या आणि मध्ये सिलिकॉनचे दाट द्रव. चाक घसरायला लागल्यावर ते द्रव तापते आणि मग अडवते, म्हणजे उशिरा. शिवाय इतक्या वर्षांनी त्यात दम राहिलेला नसतो. ते सोडून दिले.

भाच्याचे मन होते क्लच-प्लेटवाल्यावर. शर्यतवाले तेच वापरतात. त्यातल्या प्लेटी आधीपासूनच दाबून बसवलेल्या असतात, म्हणून एक चाक हवेत उचलले तरी दुसऱ्याला जोर मिळतो. पण त्याला वेगळे तेल लागते, प्लेटी झिजतात, खोलून नव्या घालाव्या लागतात, आणि पार्किंगमध्ये चाके पूर्ण वळवली की मागून कुरकुर. हलक्या गाडीत आणखी एक गोष्ट होते. पुढच्या टायरांवर वजन थोडे, आणि मागची दोन चाके एकमेकांना बांधलेली, त्यामुळे वळणात शिरताना गाडी सरळच जाऊ पाहते. ज्या गाडीत मुलीला शाळेतून आणायचे, तिला हे कशाला?

तिसरा प्रकार टॉर्सन. अमेरिकेच्या व्हर्नन ग्लिसमनचे त्यावरचे पेटंट १९५८ सालचे. आत प्लेटी नाहीत, द्रव नाही, वर्म गिअरांचे दात फक्त. त्या दातांच्या घर्षणामुळे ज्या चाकाला पकड आहे त्याला जास्त जोर जातो. समजा गुणोत्तर अडीच, आणि घसरणारे चाक शंभर पेलते, तर दुसऱ्याला अडीचशे. वागणे मऊ, झीज नगण्य. उणीव एकच: चाक पूर्ण उचलले गेले तर शून्याला अडीचने गुणून शून्यच. पण ह्या गाडीचे मागचे चाक सहसा उचलले जात नाही, मागचा अँटी-रोल बार उगाच जाडजूड घातला तर गोष्ट वेगळी. माझ्दानेच पुढे १८०० सीसीच्या गाडीला टॉर्सन दिले. अडचण अशी की ते डिफरन्शिअल मोठे, सहा इंचांऐवजी सात इंच गिअरचे. नुसते ते आणून बसत नाही, प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही हाफ-शाफ्टही त्याच गाडीचे हवेत. भंगारात अख्खा सेट शोधायचा.

एवढे झाल्यावर मी मागचे टायर पाहिले. कायद्याला १.६ मिलिमीटर खाचा लागतात, ह्यांच्यात दोनच्या आसपास असतील. रबर दगड झालेले. गाडी फिरली ती ह्यांच्यामुळे. साध्या डिफरन्शिअलमध्ये ओल्या वळणावर जोर जास्त दिला तर आतले चाक फुकट फिरते, बाहेरचे पकड धरून मागच्या भागाला सावरते. दोघांना बांधले तर दोन्ही एकदम सुटतात आणि शेपूट बाहेर जाते. ओल्या रस्त्यावर नवशिक्याला लिमिटेड-स्लिप म्हणजे उलट जास्त सांभाळायचे काम.

"हे तुला माहीत होतं ना?" मी विचारले.

"होय. पण मजेसाठी पैसे घालतोय म्हटलं असतं तर ती काय म्हणाली असती?"

ते पैसे त्याने ताईच्या घराच्या शाकारणीसाठी बाजूला ठेवले होते, हे मला नंतर कळले.

संध्याकाळी सूनबाईने थेट मलाच विचारले, "मामा, ते घातल्यावर गाडी पावसात सुरक्षित होईल ना?" भाचा दारात उभा होता. मी म्हटले, "नाही गं. त्याला आधी चार टायर घ्यायला सांग. ते दुसरं त्याच्या हौसेचं आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या रात्री दोघे एकमेकांशी बोलले नाहीत, माझ्याशीही भाचा बेताचेच बोलला.

शनिवारी टायर आले. शाकारणीचे पैसे ताईला एप्रिलात पोचले. टॉर्सनचा सेट त्याला पुढच्या उन्हाळ्यात एका मोडीत काढलेल्या १८०० सीसीतून मिळाला, ओव्हरटाइम करून घेतला. कॅसल कोमहून त्याने फोन केला, तेव्हा मागे सूनबाईचा आवाज येत होता. तिला आणखी एक फेरी हवी होती.