नारायण विनायक जगताप यांची गोष्ट

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत एक कथा आली. नाव ‘कृष्णविवर’, लेखक नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिला क्रमांक दिला आणि मग उलगडा झाला की जगताप नावाचे कोणी नाहीच. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. केंब्रिजहून परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेला, देशभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ. नावाच्या वजनाने निकाल झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले होते. परिषदेतल्या लोकांना त्यांचे अक्षर ओळखता आले असते, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या अक्षरात करून दिली होती.

कथेचा जन्म त्याहून गमतीचा. अहमदाबादला एक परिसंवाद चालू होता. व्याख्यान कंटाळवाणे होते. नारळीकरांनी प्रतिनिधींना वाटलेले कोरे कागद पुढे ओढले आणि गोष्ट लिहायला घेतली. समोरच्या वक्त्याला बहुधा वाटले असेल, हा मनुष्य किती मन लावून टिपणे काढतोय!

प्रेरणा कुठे मिळते आणि छापायचे कुठे, हे दोन प्रश्न नवे लेखक हमखास वेगवेगळे विचारतात. नारळीकरांच्या बाबतीत ते एकत्रच आले. कृष्णविवर हा विषय त्यांच्या रोजच्या कामातला होता, फ्रेड हॉयल हे त्यांचे केंब्रिजमधले गुरू स्वतः ‘द ब्लॅक क्लाउड’सारखी कादंबरी लिहिणारे होते, म्हणजे बी-बियाणे तयारच होते. पण ते पेरायला वाफा मिळाला तो स्पर्धेमुळे. विषय, मर्यादा, शेवटची तारीख आणि वाचणारे चार परीक्षक एवढे समोर असल्यावर माणूस लिहितो. नुसत्या प्रेरणेची वाट पाहणाऱ्याची वही कोरीच राहते.

पुढचे दारही कोणीतरी उघडलेच. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी नारळीकरांकडे कथा मागितली. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची आपुलकीने दखल घेतली. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. आणि २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली, तेव्हा स्पर्धेच्या पाकिटातून सुरू झालेला प्रवास साहित्याच्या मुख्य मांडवात पोचला.

इंग्रजीने ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ या एका नावात विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा, पर्यायी इतिहास अशी सगळी भावंडे बसवली. मराठीत त्यांना एक नाव नाही, पण एक घर मात्र आहे. ते म्हणजे नियतकालिक, आणि त्यातही दिवाळी अंक.

विसाव्या शतकाच्या आरंभी, थेट कोचीत सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर मराठीत आली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही मराठीतल्या अगदी पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा जाड अंक घेऊन निवांत वाचण्याची सवय महाराष्ट्राला लागली. अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या त्रयीतल्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काची जागा दिली. ‘धनंजय’ने रहस्य, भय आणि विज्ञान यांची मोट बांधली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे यांच्या वाचकांनी ही नावे पुस्तकाच्या दुकानात पाहण्याआधी बहुतेक अंकांच्या अनुक्रमणिकेत पाहिली होती.

म्हणजे दारे होती. आजही आहेत. प्रश्न आत काय घेऊन जायचे हा.

स्पर्धेच्या कथांचे गठ्ठे वाचणाऱ्या प्रस्तुत लेखकाला काही सुरुवाती आता तोंडपाठ झाल्या आहेत. साल २१५०. डॉक्टर अमुकतमुक प्रयोगशाळेत एकटेच. भिंतीवरचा पडदा लुकलुकतो. यंत्रमानव चहा आणतो. मग डॉक्टरसाहेब आपल्या साहाय्यकाला त्याला आधीच ठाऊक असलेले विज्ञान दोन पाने समजावून सांगतात. अशा कथेत चूक काहीच नसते, फक्त गावाचे नाव, घामाचा वास आणि कोणाची तरी अडचण नसते. लेखकाने ती कुठल्या तरी चित्रपटातून उचललेली असते, स्वतःच्या अंगणातून नाही.

याच्या शेजारी नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ठेवून पाहावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघतात आणि पोचतात ती मुंबई वेगळीच असते. तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे. घोटाळा कुठे झाला हे शोधायला ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात. शेवटच्या खंडात पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे, कारण विश्वासरावाला लागायची गोळी जराशी हुकली. १४ जानेवारी १७६१ या तारखेशी प्रत्येक मराठी माणसाचे काहीतरी राहून गेलेले आहे. त्या ठसठशीवर लेखकाने पुंजभौतिकी अलगद नेऊन टेकवली. परकी कल्पना घरच्या दुखण्याला लागली की वाचकाला तळटीप लागत नाही. याच कारणाने ही कथा इंग्रजीत जाऊन ‘एनसीईआरटी’च्या अकरावीच्या पुस्तकात बसली, तरी तिचा जीव बखरीतच राहिला.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ हेही तसेच. मोबियसची पट्टी हा गणितातला विषय. पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके जोडली की तिला एकच बाजू उरते, आणि तिच्यावरून फिरून आलेली आकृती आरशातल्यासारखी उलटी होते. हे गणिताच्या तासाला सांगितले तर निम्मा वर्ग पेंगेल. पण डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला म्हटले की आजीसुद्धा कान टवकारते. कारण उजव्या सोंडेचे सोवळे कडक असते हे तिला माहीत असते.

असा माल महाराष्ट्रात पायलीने पडला आहे. लोणारचे विवर बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा हा परिणाम. पाणी आटले होते आणि क्षारता वाढली होती. बातमी इथे संपते. गोष्ट मात्र इथून सुरू होते. टाळेबंदीत शहरातून गावी परतलेला मुलगा रोज तळ्याकाठी जातो. पाण्याचा रंग पुन्हा पूर्ववत होतो, पण याला तो अजून गुलाबीच दिसतो. का?

किंवा कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर धरणाचा जलाशय आणि भूकंप यांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. अलीकडे या परिसरात ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून जमिनीच्या पोटातले मोजमाप घेण्यात आले. धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीतली एखादी मुलगी त्या छिद्रातून येणाऱ्या नोंदी वाचायला बसलेली असेल, तर त्या नोंदींत तिला काय ऐकू येईल? नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाशाकडे कान लावून बसली आहे आणि भोवताली शेते आहेत. यातले काहीच कल्पित नाही. कल्पित फक्त एक ‘समजा’ असतो, आणि तो लेखकाने आणायचा असतो.

प्रेरणा आणि उसनवारी यांतल्या सीमेचेही एक उदाहरण घरचेच आहे. नारायण धारपांनी पाश्चात्त्य भयकथा भरपूर वाचली आणि तिचे बाड मराठी वाड्यात आणून ठेवले. त्यांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ आहे. त्यांच्या ‘आजी’ या कथेमागेही किंगचीच कथा आहे, आणि ‘आजी’चे ऋण राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या चित्रपटावर आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातले आजारी म्हातारे माणूस असे कोकणातल्या पावसात येऊन पोचले. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला, तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. धारपांच्या काळात परदेशी कथेचे मराठी रूप ही वाचकांची सोय होती. आज ती चूक ठरते. मूळ कथा एका क्लिकवर आहे, संपादक ती शोधतो, आणि हक्क धारण करणारा वकिलाचे पत्र पाठवतो. बीज घ्यावे, पण रोप आपल्या मातीत इतके बदललेले असावे की मूळ लेखकालाही ओळखू येऊ नये. तसे जमत नसेल तर सरळ परवानगी घेऊन अनुवाद करावा.

मासिकाचे दार किती दूर नेते याचा दाखला चीनमध्ये आहे. ल्यू त्सीशिन हे शान्शी प्रांतातल्या वीजकेंद्रात संगणक अभियंता होते. नोकरी सांभाळून ते लिहीत. त्यांची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी २००६ मध्ये छंग्दूहून निघणाऱ्या विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तक झाले, २०१४ मध्ये केन ल्यू यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. क्रमशः छापणारे मासिक नसते आणि दोन्ही भाषांत मुरलेला अनुवादक नसता, तर ते हस्तलिखित वीजकेंद्राच्या खणातच राहिले असते.

आपल्याकडे पहिली गोष्ट आहे, दुसरी कमी आहे. बाळ फोंडके यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या १९ विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला, तेव्हा नारळीकर, लोंढे, गोगटे अशा मराठी लेखकांच्या कथा इतर भाषांतल्या वाचकांसमोर गेल्या. त्या कामाला जोडून पुढे जावे तितके जाणे झालेले नाही. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या अमेरिकी नियतकालिकाने ‘समोवार’ नावाचा विभाग खास अनुवादित कथांसाठी सुरू केला. ‘क्लार्क्सवर्ल्ड’नेही चिनी आणि इतर भाषांतल्या कथा सातत्याने छापल्या. अमेरिकेतल्या विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेने २०१९ मध्ये व्यावसायिक मोबदल्याचा दर शब्दामागे किमान ८ सेंट धरला. त्या दराने ३ हजार शब्दांच्या कथेचे २४० डॉलर होतात. मराठी अंकाच्या मानधनाशी याची तुलना न करणेच बरे.

पण तिथला संपादकही आता सावध आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’चे संपादक नील क्लार्क यांना कथा स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले, कारण यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा महिन्याभरात शेकड्यांनी लोंढा आला. बहुतेक ठिकाणी आता कथा स्वतः लिहिली आहे अशी हमी द्यावी लागते. एकच कथा एका वेळी अनेकांकडे पाठवणेही अनेक संपादकांना चालत नाही. नियम आधी वाचावेत, मग ‘पाठवा’ दाबावे.

मराठीत मार्ग सरळ आहेत. मराठी विज्ञान परिषदेची वार्षिक कथास्पर्धा हा जुना आणि नवख्याला सर्वात न्याय देणारा मार्ग. तिच्यात मोठे नाव लागत नाही हे खुद्द नारळीकरांनीच सिद्ध केले. त्यानंतर दिवाळी अंक, छापील आणि ऑनलाइन दोन्ही. श्राव्य पुस्तकांच्या मंचांना भय आणि रहस्य यांची भूक मोठी आहे, कारण अशी गोष्ट कानाने ऐकताना जास्त चढते. मात्र तिथे लिहिताना वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. कागदावर शोभणारे लांबलचक वाक्य मोठ्याने वाचणाऱ्याच्या घशात अडकते.

सही करण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळे काही नसल्यास ते संपतात. अंकाला कथा देताना ‘एकदा छापण्याचा हक्क’ एवढेच लिहून द्यावे. श्राव्य, अनुवाद आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. ‘आजी’सारखी कथा कुठे जाऊन पोचेल हे छापताना कोणालाच ठाऊक नसते. आणि छापण्यासाठी लेखकाकडेच पैसे मागणारा ग्राहक शोधत असतो, लेखक नव्हे.

हा अंक वाचून होईपर्यंत फराळाचे डबे रिकामे झालेले असतील. पुढच्या वर्षीच्या अंकांसाठी संपादकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. अडीच-तीन हजार शब्दांची एक कथा लिहून, महिनाभर बाजूला ठेवून, पुन्हा लिहायला तोवर सहा-सात महिने आहेत.