काकूंनी शिकवलेला ताळेबंद

मी आज इन्व्हेस्टमेंट बँकेत मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. त्याचं श्रेय माझ्या पदवीपेक्षा डोंबिवलीतल्या आमच्या शेजारच्या काकूंना जास्त आहे. त्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या. इन्व्हेस्टमेंट बँकेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या.

2008 मध्ये मी इंजिनीअर झालो आणि मुंबईतल्या एका परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेत अर्ज केला. एक लेखी परीक्षा, एक मुलाखत, की निकाल, अशी माझी समजूत. लेखी परीक्षेतलं गणित जमलं. मग मुंबईच्या टीमचा फोन, लंडनचा फोन, न्यूयॉर्कचा रात्री उशिरा फोन. प्रत्येक जण पहिल्यापासून विचारी: या क्षेत्रात का यायचंय? माणूस बसणार मुंबईत, काम करणार लंडनसाठी, जागेला मंजुरी न्यूयॉर्कची. त्यामुळे होकार सगळ्यांचा लागे, नकार एकाचाही पुरे. हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटे, आपल्यातच काही कमी असणार.

आमच्या दोन खोल्यांत रात्री निवांतपणा कुठला? काकूंनी त्यांची आतली खोली दिली. माझा फोन चालू असेपर्यंत त्यांची मालिका बंद असे.

एकदा या मुलाखतींतला ठरलेला प्रश्न आला: घसारा 10 रुपयांनी वाढला, तर नफा-तोटा, रोकड प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदलेल? पाठ केलेलं उत्तर मी म्हणून दाखवलं. "पण रोकड वाढली का?" असं विचारल्यावर गप्प झालो. काकू दारातून ऐकत होत्या. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी रेघा मारल्या.

"कर 30 टक्के धर. नफा 7 ने घटला. पण घसाऱ्याचे पैसे कोणाला दिलेस का? नाही ना? मग ते 10 परत मिळव. रोकड 3 ने वाढली, तो वाचलेला कर. आता ताळेबंद बघ. यंत्रांची किंमत 10 ने उतरली, रोकड 3 ने चढली, म्हणजे मालमत्ता 7 ने कमी. पलीकडे भागधारकांचा निधीही 7 ने कमी. जुळलं? आम्ही शाखेत रोकड जुळल्याशिवाय घरी जात नव्हतो."

15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकन इन्व्हेस्टमेंट बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भरती जिथल्या तिथे थांबली. मला होकारही आला नाही, नकारही नाही. मी पुस्तकं बांधून ठेवली. काकूंनी ती पुन्हा उघडायला लावली. त्यांच्याकडे थोडे शेअर होते, त्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल टपालाने येत. संध्याकाळी ते पुढ्यात ठेवून त्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवत आणि विचारत, "हा कुठून आला?" आकडा शोधत शोधत टिपांपर्यंत जायला मी तिथे शिकलो.

पुढे दुसऱ्या बँकेची शेवटची फेरी झाली. दिवसभर, अर्ध्या अर्ध्या तासाने माणूस बदलत होता. एका प्रश्नावर मी सांगितलं, "इथपर्यंत मला समजतं, पुढचं नाही." समोरच्याने कागद ओढला आणि पुढचं आम्ही दोघांनी मिळून सोडवलं. ती नोकरी मला मिळाली.

ही लांबलचक प्रक्रिया आखूड करणं आजही माझ्या हातात नाही. पण नकार असला तरी तो उमेदवाराला वेळेवर कळवणं, आणि पाठ केलेल्या उत्तरावर "का?" विचारून त्याला विचार करायला वेळ देणं, एवढं हातात आहे. तेवढं मी काकूंचं देणं म्हणून करतो.