शेवटची रांग

मी सातवीत होतो. अब्बा मला मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर क्रिकेटचा सामना पाहायला घेऊन गेले. आमची जागा अगदी शेवटच्या रांगेत होती. मी वर्गात सर्वांत बुटका. पुढे एवढी माणसे! मला खेळ कसा दिसणार? मी हिरमुसलो.

अब्बा म्हणाले, "बेटा, आधी बसून तर बघ!"

मी बसलो आणि चकित झालो. सारे मैदान दिसत होते. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा उंच होती. कोणाचेही डोके आड येत नव्हते.

अब्बा गवंडी होते. ते म्हणाले, "२०११ च्या विश्वचषकाआधी या स्टेडियमचे नूतनीकरण झाले. येथे सुमारे ३३ हजार माणसे बसतात. ती लवकर बाहेर पडावीत म्हणून अनेक दारे ठेवली आहेत. आपले दार लक्षात ठेव."

सामना संपला. गर्दीत अब्बांचा हात सुटला. मी रडकुंडीला आलो. मग दार आठवले. मी तेथेच जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने अब्बा धावत आले. त्यांनी मला उराशी धरले.

चांगला बांधणारा शेवटच्या रांगेतल्या माणसाचाही विचार करतो, हे मला त्या दिवशी समजले.