पाहणारांची मोजदाद

शिरगणतीची आवड माणसाला फार जुनी आहे. परंतु लाखो घरांतून एकाच वेळीं किती डोळे एका खेळाकडे लागले होते, हें मोजण्याचा उद्योग आमच्याच युगाचा. अमेरिकेंत नील्सन ही संस्था तो करते, आणि तिच्या आंकड्यांवरून एन्. बी. ए. या धंदेवाईक बास्केटबॉल-संघटनेचें भविष्य वर्तविणारे ज्योतिषी दर वर्षीं जूनमध्यें पुढें सरसावतात. खेळ बुडाला, हें त्यांचें ठरलेलें भाकीत. तिकडे रात्रीं चालणारे अंतिम सामने आम्ही येथें सकाळच्या चहाबरोबर पाहतों, त्यामुळें हें भाकीत आमच्या जिव्हारीं लागतें. आमच्या चहाची नोंद नील्सनच्या वहींत होत नाहीं, ती गोष्ट वेगळी!

आंकडे मात्र खोटे नव्हेत. १४ जून १९९८ रोजीं शिकागो व यूटा यांच्यामधील सहावा अंतिम सामना अमेरिकेंत सरासरी ३ कोटि ५९ लक्ष लोकांनीं पाहिला. २०२० सालीं अंतिम मालिकेच्या सामन्यास सरासरी सुमारें ७५ लक्षच प्रेक्षक लाभले. महामारीमुळें ती मालिका ऑर्लँडोच्या बंदिस्त आवारांत, भलत्याच ऋतूंत झाली, हें खरें. पण सारें स्थिरस्थावर झाल्यावरही, २०२४ सालीं, हा आंकडा १ कोटि १३ लक्षांच्या आसपासच राहिला.

खेळाडू ऊठसूट लांबून चेंडू फेंकतात म्हणून लोक विटले, असें कोणी म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. केबलची वर्गणी सोडणारीं घरें वाढत गेलीं, हें एक. आणि एकेक संघ हंगामांत ८२ सामने खेळतो, हें दुसरें. अमेरिकन फुटबॉलचा संघ १७च खेळतो, आणि त्याच्या २०२५ मधील अंतिम सामन्यास १२ कोटींहून अधिक प्रेक्षक मिळाले. रोज पुरणपोळी वाढली तर पानांत टाकणारे निघायचेच!

गंमत अशी कीं, गिऱ्हाईक घटलें तरी मालाचा भाव चढला. २०२४ सालीं एन्. बी. ए.नें तीन कंपन्यांशीं अकरा वर्षांचा सुमारें ७,६०० कोटि डॉलरांचा करार केला. त्यापूर्वींचा नऊ वर्षांचा करार २,४०० कोटींचा होता. इतर कार्यक्रमांचे प्रेक्षक याहूनही वेगानें पांगले. जाहिरातदारांना ठरल्या वेळीं एकत्र बसलेलीं माणसें आतां मिळतात तीं बहुधा खेळापुढेंच.

आणि गतकाळ तरी सारा सोन्याचा होता काय? १६ मे १९८० रोजीं वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सननें अंतिम सामन्यांत ४२ गुण मिळवून लॉस एंजेलिसला विजेतेपद मिळवून दिलें. तो पराक्रम देशाच्या बहुतेक भागांत त्या वेळीं दिसलाच नाहीं, सी. बी. एस्.नें तो मध्यरात्रीच्या सुमारास, मागाहून दाखविला!

आमची खंत निराळीच आहे. आमचा भाचा सामना पाहत नाहीं; कचेरीच्या वाटेवर मोबाइलवर त्यांतील चार क्षण पाहतो. १९९८ च्या त्या सामन्यांतील जॉर्डनची शेवटची फेंक त्याला पाठ आहे. ५.२ सेकंद उरले असतां पडलेली ती फेंक आणि ८७-८६ असा निकाल तो घडाघडा सांगतो. पण त्याच रात्रीं पाठीच्या दुखण्यानें वांकलेला पिपेन मधूनच आंत जात होता आणि पुन्हा येऊन खेळत होता, हें त्याच्या गांवींही नाहीं. तें त्या चार क्षणांत मावत नाहीं. दोन-अडीच तास बसून राहिलेल्यालाच त्या फेंकीमागचा थकवा दिसतो.

२०२५ ची मालिका ओक्लाहोमा सिटी व इंडियाना अशा लहान बाजारपेठांच्या संघांत झाली, तेव्हां ज्योतिष्यांनीं पुन्हा नाकें मुरडलीं. सरासरीही घसरली. पण मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, आणि २२ जूनच्या त्या रात्रीं १ कोटि ६४ लक्ष लोक पाहत होते. सहा वर्षांत एवढे कोणत्याही सामन्याला मिळाले नव्हते. आमच्याकडे ती २३ तारखेची पहाट होती. भाच्याला आम्हीं हांका मारून उठविलें. तो डोळे चोळीत येऊन बसला, आणि पहिल्या चरणांत इंडियानाचा हॅलिबर्टन पाय दुखावून कोसळला तेव्हां हातांतला मोबाइल त्यानें उपडा ठेवला.