मागचं इंजिन

युद्धपट बघताना माझी नजर माणसांवर टिकत नाही. नायक बोलत असतो आणि मी त्याच्या खांद्याआडून मागचं यार्ड न्याहाळत असतो. वडील भुसावळच्या शेडमध्ये फायरमन होते. त्यांच्या कपड्यांना कोळसा, तेल आणि वाफेचा मिळून एक वास यायचा. पडद्यावरून तो मला एकदाच आला, ‘द ट्रेन’ बघताना.

जॉन फ्रँकनहायमरचा हा १९६४ चा कृष्णधवल चित्रपट. पॅरिसमधली लुटलेली चित्रं जर्मनीला नेणारी गाडी फ्रेंच रेल्वेवाले अडवतात. प्रत्यक्षात ऑगस्ट १९४४ मध्ये अशी गाडी भरली गेली, पण पॅरिसजवळच रखडली.

त्यातली मला सर्वांत प्रिय जागा लढाईची नाही. बर्ट लँकेस्टर शेडमध्ये धातू वितळवून बेअरिंग ओततो आणि कॅमेरा जराही घाई करत नाही. त्याआधी म्हातारा ड्रायव्हर तेलाच्या नळीत नाणी सारतो. जे इंजिन आयुष्यभर पुसलं, ते कुठे दुखेल हे त्यालाच ठाऊक. पुढे स्टेशनांच्या पाट्या बदलतात. गाडीतला जर्मन अधिकारी नावं वाचून निश्चिंत होतो, गाडी मात्र फ्रान्समध्येच वळसा घेत असते. वडील नुसत्या चढावरून आणि चाकांच्या आवाजावरून स्टेशन ओळखायचे. ते नसते फसले.

आणि ती टक्कर! रुळावरून घसरतं ते खरं इंजिन आहे. ठरल्यापेक्षा वेगात आलं आणि रुळांलगतचे कॅमेरेही चिरडले. फ्रान्समध्ये वाफेची इंजिनं तेव्हा बाद होत होती, म्हणून हे शक्य झालं. दृश्य संपलं की मेलेले सैनिक उठतात. इंजिन उठत नाही. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी १९५७ साली सिलोनमधल्या कितुलगलाला लाकडी पूल असाच खऱ्या गाडीसकट उडवला. थायलंडमध्ये युद्धकैद्यांनी बांधलेल्या कांचनाबुरीच्या लोखंडी पुलावरून मात्र आजही गाडी जाते.

‘द ट्रेन’च्या शेवटी ओलिसांची प्रेतं रुळांशेजारी पडलेली असतात. चित्रांच्या खोक्यांवर थोर चित्रकारांची नावं असतात. नायक लंगडत निघून जातो. मी इंजिनाकडेच बघत राहतो. बॉयलरमध्ये पाणी किती उरलं असेल? वडिलांनीही आधी तेच विचारलं असतं.