नाव, गाव, फळ, फूल

परवा सगळे जमलो होतो, तेव्हा मुलांना हा खेळ शिकवला. एकाने मनातल्या मनात क, ख, ग म्हणायचं, दुसऱ्याने 'थांब' म्हणायचं. जे अक्षर येईल त्यावरून चार रकाने भरायचे. ज्याचं आधी होईल तो ओरडणार, "स्टॉप!" की सगळ्यांची पेनं खाली. वेगळं उत्तर १० गुण, सारखं आलं तर ५, रिकामं शून्य.

आईही बसली होती. हल्ली तिला पटकन आठवत नाही. तीन डाव तिचा कागद जवळजवळ कोराच. मग तिने हळूच पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, आता 'स्टॉप' बंद. मुलं कुरकुरली, पण ऐकलं.

अक्षर आलं 'त'. दोन्ही मुलांचं फळ ताडगोळा. पाच-पाच. आई जरा थांबून म्हणाली, "तोरणं."

"आजी, असं फळच नसतं!"

"असतं रे. उन्हाळ्यात काटेरी जाळीवर, पांढरी पांढरी. खिसे भरून आणायचो आम्ही."

१० गुण!

खेळ वेगाचा म्हणतात खरा, पण गुण तर वेगळ्या उत्तराला असतात, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. असो. रात्री अंथरूण घालताना आईने विचारलं, "उद्या पुन्हा बसायचं का गं?"